भोक पडलेला गरुड

सिंगराजा,
२१ जुलै २००९

प्रिय दादा,

ओम् स्वस्ति अस्तु. संधी सोडवून लिहिलंय, कारण संधी सोडण्यात तुझा हात धरणारा अख्ख्या बालीत कुणी नाही. आईला मातीत ठेवलं त्या दिवशी तुझं विमान चुकलं. सुराबायाहून इकडे रोज बसही येते. दोन वर्षांत तीही चुकतच असावी.

आम्ही खुशाल आहोत. चाफा इतका फुललाय की अंगण झाडायचं मी सोडून दिलं. मी वर्गात विभक्ती विचारायला लागले की शेजाऱ्यांचा कोंबडा आरवतो. उत्तर देणारा तो एकटाच, म्हणून त्याला पास करणार आहे.

मुद्द्याची बातमी: गावाचं सामुदायिक दहन एकोणीस ऑगस्टला ठरलं. दहनाची वाट बघत मातीत ठेवलेले चौदा जण आहेत, त्यांत आपली आई. आम्ही बायका ओसरीवर बसून भोकाची जुनी नाणी पांढऱ्या दोऱ्यात ओवतोय. हातभर उंचीची माणसं तयार होताहेत, एकेका मृतासोबत चितेवर जायला एकेक. मान, खांदे, फासळ्या, सगळं नाण्यांचं. आईची आकृती माझ्याकडे आहे. छातीजवळची एक जागा मी रिकामी ठेवलीय. का, ते सांगते. आधी दुसरं सांगते.

दर सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, बाबा ते चांदीचं नाणं काढायचे, आठवतं? स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी हेडमास्तर म्हणून मिळालेलं. पांढऱ्या रुमालात कडेनं धरायचे, जणू फुलपाखरू आहे. "बोट लावायचं नाही. श्वाससुद्धा सोडायचा नाही, डाग पडतो!" आपण दोघं गाल फुगवून बघायचो. त्या आरशासारख्या चांदीत आधी गरुड दिसायचा, मग हळूहळू आपली तोंडं वर यायची, पाण्यातून यावीत तशी. मला वाटायचं, आपण तिघंही उडतोय. तू आधी श्वास सोडायचास आणि माझं नाव सांगायचास, असं मी बाबांना म्हणायचे.

नाणं तुला देईन असं बाबा म्हणाले होते. तुझं नावच गेडे, म्हणजे मोठा. तेव्हा मोठ्या वस्तू तुझ्याच. मी कादेक, दुसरी. मला त्यांनी शब्दकोश दिला.

अलीकडे दुपारी डोळा लागला की बाबा दिसतात. आपल्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरून समुद्रात चालत जातात. पाणी घोट्याच्या वर चढत नाही. पांढरा सदरा, आणि छातीतून बारीक शीळ येते. मी विचारते, "बाबा, हे काय वाजतंय?" ते म्हणतात, "वारा जातोय गं." रागावलेले नसतात. तेच मला सोसत नाही.

दादा, ते भांडण तुला शब्दन् शब्द पाठ असेल. बाबांच्या दहनानंतरचा तिसरा दिवस.

"आई, नाणं कुठंय?"

"विकलं."

"केवढ्याला?"

"डुकराच्या किमतीला. गावजेवण काय हवेवर झालं?"

"बाबांचं स्वातंत्र्य तू डुकरावर उडवलंस!"

"डुक्कर तूही खाल्लंस. दोनदा वाढून घेतलंस."

तू त्याच संध्याकाळी बोट धरलीस. मग आई जाईपर्यंत एकवीस वर्षं तुझे पैसे आले, तू आला नाहीस.

आईनं नाणं विकलं नव्हतं.

बाबांची आकृती ओवताना शेवटचं जुनं नाणं माझ्या हातात मोडलं, नेमकं छातीचं. काकू म्हणाली, "बाजारातून आण जा." मी बाविशीची, डोक्यात नवं संस्कृत. मला वाटलं, आयुष्यभर ज्या नाण्यासमोर माणूस श्वास रोखून उभा राहिला, ते सोडून बाजारातलं कसलं लावायचं? मी बाबांची पेटी उघडली आणि नाणं घेऊन लोहाराकडे गेले. तो म्हणाला, "पोरी, सरकारी पक्षी आहे हा! मला तुरुंगात धाडतेस का?" मी म्हटलं, "मधोमध भोक पाडा." त्यानं डोळे मिटून पाडलं. मी मिटले नाहीत.

आईनं आकृतीत ते पाहिलं. तिनं दोऱ्याची गाठ पक्की केली.

तू ओरडलास तेव्हा मी दाराआड होते. नंतर तिला विचारलं, "खोटं का बोललीस?" म्हणाली, "तुझी फी तो भरतोय ना? शीक गपगुमान." मी शिकले. आज पोरांना 'सत्यमेव जयते'तला एवकार समजावते, तो आईच्या एका खोट्यावर उभा राहून. तू माझ्यावर धरायला हवा होता तो राग तिनं आयुष्यभर पदरात बांधला, आणि मी बांधू दिला. आधी फीसाठी. नंतर कशासाठी, हे सांगायला मला शब्दकोशात शब्द सापडला नाही. भित्रेपणा हा आहे, पण तो लहान पडतो.

ती गेल्यावर तिचा पानाचा डबा उघडला. चुन्याच्या डबीखाली बाबांचा रुमाल, आणि रुमालात नाणं. तिनं ते राखेतून वेचलं होतं. चितेतलं घरी आणू नये, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी आणलं, तुझं होतं ना. काळं पडलंय, एक पंख वितळून कडेला ओघळलाय. भोक मात्र जसंच्या तसं.

तुझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात असल्या मालाला किंमत नाही, मला माहीत आहे. भोक पडलेलं नाणं म्हणजे भंगार. पण वहिनी फोनवर म्हणाली, त्याच सालची, तशीच तीन कोरी नाणी तू जमवलीस, आणि गिऱ्हाईक आलं की "विकायची नाहीत" म्हणतोस. ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी हा कागद घेतला.

तुला व्याकरणाचा कंटाळा, तरी एवढं ऐक. संस्कृतात 'ख' म्हणजे भोक. आणि 'ख' म्हणजेच आकाश. पक्ष्याला खग म्हणतात ते त्यामुळे. मी गरुडाच्या छातीत काय पाडलं, हे तेवीस वर्षं ठरवतेय. काल नाणं डोळ्याला लावून समुद्राकडे धरलं. एवढ्याशा भोकात अख्खी सकाळ मावली होती, आणि एक बोट सुराबायाच्या बाजूनं येत होती. कोळ्याची निघाली.

गरुडानं आईला दास्यातून सोडवलं, ते तू बाबांच्या मांडीवर बसून ऐकलंयस. आपली आई अजून मातीत आहे, एका खोट्याला बांधलेली. ते खोटं माझं. मी ते या पत्रात सोडवलंय. आता तुला हवं ते कर. नाणं तुझं आहे. कपाटात ठेवायचं तर घेऊन जा, मी त्या जागी बाजारातलं लावीन आणि एक शब्द बोलणार नाही. आईच्या छातीवर बांधायचं असेल, तर सुई-दोरा तयार आहे. गाठ तूच मारायची; माझा हात लागणार नाही. या वेळी बोट लावलंस तरी चालेल.

पत्राच्या शेवटी शांती तीनदा म्हणतात. मी दोनदा म्हणून थांबते. तिसरी इथे येऊन तू म्हण.

ओम् शांती, शांती,

तुझी
कादेक
(श्वास मी सोडला होता, दादा. तू नाही.)