कॉलरला कांद्याचा वास

बिश्केक, १४ मे

ती. बुरुलचाआत्यांस सायकालचा सा. सलाम, वि. वि.

आपण मेंढ्या घेऊन सोंगकोलच्या कुरणावर सुखरूप पोहोचल्याचे बाबांकडून समजले. तिथे फोन लागत नाही, म्हणून ट्रकवाल्या मेलिसकाकांबरोबर हे पत्र पाठवीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. हवामान ठीक आहे.

एक विनंती आहे. मला भाषाशाखा सोडून अकाउंट्सला जायचे आहे. लहानपणी मी वह्याच्या वह्या भरायची, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता कोरा कागद पाहिला की वही मिटून ठेवते. निबंधाच्या सरांना 'मी' चालत नाही, मत चालत नाही, विनोद तर नाहीच नाही. त्यांना हवे तसे लिहून दिले की हात धुवावेसे वाटतात. अर्जाची मुदत जूनअखेर आहे. बाबा फक्त आपल्या थोरल्या बहिणीचे ऐकतात, तेव्हा आपण त्यांच्याशी बोलावे.

कळावे, लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपली भाची,
सायकाल


सोंगकोल, २३ मे

चि. सायकाल हिस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बायकांना वाचून दाखवलं, तर शेजारच्या तंबूतल्या बातमाने विचारलं, की ही नोटीस कुठल्या कचेरीतून आली? अगं, 'हवामान ठीक आहे' काय! इथे काल गारा पडल्या, आणि तुझे काका डोक्यावर कढई धरून घोडा आणायला धावले. असं लिहावं माणसाने.

तुझ्या बापाशी बोलते. गवत कापायच्या तयारीला तो पुढच्या आठवड्यात वर येणारच आहे. पण माझं काम फुकट होत नाही. आम्ही सगळ्या लोकर पिंजून नमद्याचा गालिचा लाटायला बसलोय. हात कामात, कान रिकामे. तेव्हा तुमच्या होस्टेलातलं काहीतरी लिहून पाठव. सरांसाठी नाही, बातमासाठी लिही. तिचा नवरा गेल्यापासून ती हसायचं विसरलीय.

पोटाला नीट खा. आत्याची आठवण आली तर दोनदा खा.

बुरुलचाआत्या


बिश्केक, २ जून

ती. आत्यांस सा. सलाम, वि. वि.

बातमाकाकूंना सांगा, ही नोटीस नाही.

आमच्या खोलीत उलकान म्हणून मुलगी आहे. होस्टेलात शेगडीला बंदी. तर हिने इस्त्री उलटी केली, दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये घट्ट बसवली आणि तिच्यावर ताटली ठेवून बटाटे-कांदे परतायला घेतले. वासाने रखवालदारीणबाई जिना चढून आल्या. उलकानने डोळ्याचं पातं लवायच्या आत ताटली पलंगाखाली सारली, इस्त्री सुलटी केली आणि पहिला हाताला लागला तो शर्ट दाबायला सुरुवात केली. बाई दारात उभ्या राहून हुंगत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, की मुली, शर्ट छान परतला आहेस, मीठ टाक. दुसऱ्या दिवशी उलकान तोच शर्ट घालून तोंडी परीक्षेला गेली. परीक्षक मधेच थांबले आणि विचारू लागले, की जेवणाची सुट्टी झाली का?

आत्या, एक गंमत सांगू? हे लिहिताना चहा गार झाला, मला कळलंच नाही. 'मीठ टाक' हे वाक्य आधी दुसरीकडे होतं, मी ते तीनदा हलवलं. कुणी लाल शाई लावली नव्हती, माझं मलाच हलवावंसं वाटलं.

लोभ आहे, तो वाढवायला हरकत नाही.

सायकाल


सोंगकोल, ११ जून

चि. सायकाल हिस अ. उ. आ.

बातमा हसली! इतकी हसली की पाण्याची किटली लवंडली आणि नमद्यावरच्या नक्षीतलं मेंढ्याचं शिंग वाकडं झालं. तसंच राहू दे म्हणाली.

पण पोरी, घोळ झाला. पलीकडच्या तळावरून सोनुनबू म्हणून एक बाई मदतीला आली होती. तीही डोळे पुसून पुसून हसत होती. मग तिने त्या मुलीचं नाव पुन्हा विचारलं, आणि हातातली लोकर खाली ठेवली. ती उलकानची आई गं! तिला लेकीने सांगितलंय, की कँटीनमध्ये रोज मटण मिळतं. तिने लेकीसाठी तूप, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी दिलीय. मेलिस सोबत आणतोय. काय ते तू निस्तर.

तुझ्या बापाशी बोलले. तासभर दाढी खाजवली आणि हो म्हणाला. अकाउंट्सला जा हवं तर.

बुरुलचाआत्या


बिश्केक, २४ जून

ती. आत्यांस सा. सलाम, वि. वि.

चिठ्ठी वाचून उलकान दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी माफी मागितली, तर उसळली. म्हणाली, इस्त्रीचं लिहिलंस ते लिहिलंस, पण निम्मे बटाटे तू खाल्लेस ते कुठे गेलं? दारात बाईंना बोलण्यात गुंतवायचं सोडून पांघरुणात कोण शिरलं होतं?

खरं होतं, आत्या. मी स्वतःला अलगद बाजूला काढून तिला एकटीला इस्त्रीवर बसवलं होतं. मग पुन्हा लिहायला घेतलं, पांघरूण आणि बटाट्यांसकट. उलकान खांद्यावरून वाकून पाहत होती. असं नव्हते म्हणाले मी, असं म्हणाले होते, म्हणून भांडत होती. शेजारच्या खोल्यांतल्या मुली येऊन पलंगावर दाटीने बसल्या. वाचून झाल्यावर उलकानने आईच्या तुपाचा डबा उघडला. आता गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली झालीय. तिच्या आईला हीच पाठवा म्हणाली, सोबत जोडली आहे.

तीच मी वर्षअखेरचा निबंध म्हणून देऊन टाकली. सरांनी जेमतेम पास केलं. म्हणाले, हा निबंध नव्हे. दारापर्यंत गेले, पुन्हा वळले आणि विचारलं, की त्या शर्टाचं पुढे काय झालं?

अर्जाची मुदत सहा दिवसांवर आली आहे. मी अर्ज भरणार नाही. तुम्ही बाबांची एवढी समजूत घातलीत, म्हणून रागवाल, तर त्यांना मीच पत्र लिहीन. त्यांनाही कढईवाल्या काकांसारखं काहीतरी लिहून पाठवीन.

काल आमच्या जिन्याखाली बूट शिवायला बसणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल लिहायला बसले. ते कुणी मागितलेलं नाही, कुठे द्यायचंही नाही. पण पहिलंच वाक्य असं काही जमलंय, की आता हे पत्र आवरतं घेते, रागावू नका.

तुमची,
सायकाल