ठमाबाईंचे बंद झालेले समुपदेशन

प्रति,
मा. समन्वयक,
दूरस्थ समुपदेशन कक्ष, रोहा.

विषय : श्रीमती ठमाबाई हिरामण म्हात्रे यांचे ऑनलाइन समुपदेशन पुन्हा सुरू करणे व मला खाडीच्या भरतीच्या वेळी कामातून सवलत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचा ‘सुधारणा आहे, प्रकरण बंद’ हा शेरा.

महोदय,

मी पेण तालुक्यातील खाडीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. वरील शेरा माझ्यामुळे चुकीचा लागला आहे, म्हणून हा अर्ज.

१. ठमाबाईंचा मुलगा शिवा गेल्या पावसाळ्यात उधाणाने फुटलेला बांध बुजवताना वाहून गेला. या धक्क्यासाठी आपण त्यांना व्हिडिओ कॉलवर समुपदेशन मंजूर केले. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून माझा नंबर नोंदवला. कॉल प्रयोगशाळेत होत, कारण केंद्रात दार लागते अशी तेवढीच खोली आहे.

२. समुपदेशक नम्रता मॅडम पुण्याहून बोलत. त्यांना ठमाबाईंची बोली समजेना, म्हणून मी मध्ये बसले. दिवस कसा जातो, असे मॅडमनी विचारले. ठमाबाई म्हणाल्या, “माजा पोऱ्या बांदाव हाय गो. भरती आली का त्याला भूक लागतं. मी डबा नाय नेला त उपाशी ऱ्हल तो.” मी मॅडमना सांगितले, “त्यांना मुलाची फार आठवण येते.” पुढच्या कॉलला त्या म्हणाल्या की डबा रिकामा मिळाला, म्हणजे पोऱ्या जेवला. मी सांगितले, “आता त्यांना जरा बरे वाटते.”

३. फसवण्याचा हेतू नव्हता. तरी ते खोटेच होते. नमुन्यात काय दिसले ते सगळे न लिहिता निष्कर्ष तेवढा लिहायचा, ही माझ्या कामाची सवय. शिवाय मॅडमनी त्यांना वेडी समजू नये, असे मला वाटले. तसे समजण्याचा विचार मॅडमच्या नव्हे, माझ्याच मनात होता, हे मला नंतर कळले.

४. प्रकरण बंद झाल्याचा संदेश मीच ठमाबाईंना वाचून दाखवला. त्यांना ती परवानगी वाटली. पूर्वी त्या बांधावर डबा ठेवून परत येत. आता चढत्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून, शिवा गेला त्या जागेकडे जातात. कोणी अडवले तर म्हणतात, “दवाखान्याच्या बाईनी वाचून दावलं, मी बरी हाय. वाट सोड.”

५. मी आपल्या कक्षाला फोन केला. प्रकरण पुन्हा उघडायचे तर रुग्णाने स्वतः नोंदणीकृत नंबरवरून त्रास सांगावा, असे उत्तर मिळाले. ठमाबाईंना मी फोनपुढे बसवले. त्या म्हणाल्या, “मला काय झालंय? भुकेला तो हाय, त्याला इचारा.” तक्रार नाही, अशी नोंद झाली. त्यानंतर नंबर माझा असल्याने पाठपुराव्याचे फोन मलाच येऊ लागले. झोप लागते का, असे विचारल्यावर मी खरे ते सांगितले, की नाही. त्यावर माझ्याच नावाने नवे प्रकरण उघडून पहिली वेळही देण्यात आली आहे.

६. तरी विनंती की,
(अ) माझ्या तोंडून नोंदलेली सर्व वाक्ये रद्द करून ठमाबाईंची सोबत जोडलेली वाक्ये, न सुधारता, नोंदवावीत.
(ब) मला दिलेली वेळ त्यांना द्यावी, आणि ती येत्या अमावास्येच्या उधाणाआधीची असावी.
(क) मध्यस्थ म्हणून मला बसवू नये. त्यांच्याच गावच्या आशा सेविका चंद्रावती पाटील तयार आहेत. त्या ऐकतील तसेच सांगतील.
(ड) तोवर भरतीच्या वेळी मला बांधावर जाऊ द्यावे, असे आमच्या केंद्राला कळवावे. वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक तास लिहून देता येत नाहीत.

मला त्यांना परत आणणे जमलेले नाही. मी बांधावर असले की डबा मात्र त्या माझ्याकडे धरायला देतात, आणि तो माझ्या हातात असेपर्यंत पाण्यात उतरत नाहीत.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

तामार नथानियल रोहेकर
रा. रामवाडी, पेण.
दि. १२ सप्टेंबर २०२५

सोबत : १) ठमाबाईंची वाक्ये, त्यांच्या शब्दांत. २) चंद्रावती पाटील यांचे संमतिपत्र. ३) या महिन्याच्या भरतीच्या वेळा.