भर उन्हातली फवारणी

रॉबिनवेल, ऑगस्ट

प्रिय डेस,

तू तुझ्या मधमाश्यांच्या पेट्या जाळल्यास, त्याला सहा वर्षं झाली. "माझ्याच माश्यांना रोग लागला, कॉलीन. तुझ्या बदामाच्या बागेत मीच तो आणला," असं म्हणत तू रडलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच लिहिते. रोग नव्हता रे. वारा सुटायच्या आत उरकावं म्हणून, माश्या मेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी भर उन्हात, फुललेल्या झाडांवर औषध फवारलं होतं. माश्या फुलांवरच होत्या.

आता बहरात परागीभवनासाठी दुसऱ्याच्या पेट्या येतात. बाग घुमू लागली की मी खिडक्या लावून घेते.

काल तू फोनवर विचारलंस, "यंदाच्या माश्या ठीक आहेत ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग खोट माझ्यातच होती."

मी "काळजी घे" म्हणून फोन ठेवला.

तुझी बहीण,
कॉलीन