कानापर्यंत पाय

रत्नागिरी,
४ सप्टेंबर २००४

चि. सौ. ममतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी पोचून आंघोळ केली, तरी तुमच्या मीरारोडच्या त्या बॅले क्लासची शिसारी गेलेली नाही. पायांच्या घामाचा कुबट वास, त्यातच बसून खाखरे खाणाऱ्या आया, आणि कोणाच्या मुलीचा पाय कानाला लागतो याची चर्चा. बाजारात दुधी घेतानाही बायका इतकं दाबून बघत नाहीत.

आपली स्वप्नाली बेडकासारखी पालथी पडलेली आणि टीचरने एका दांडग्या मुलीला तिच्या कमरेवर बसवलेलं. डोळ्यांत पाणी, आणि पोरगी हसत होती. विचारलं तर म्हणाली, दुखलं की हसायचं असं टीचरने शिकवलंय, स्टेजवर चेहरा दिसतो. त्या बाईची किळस आलीच, पण तू शेजारी बसून मान डोलावत होतीस त्याची जास्त आली. परागला काही लिहीत नाही. माझा भाऊ पेपरातून डोकं वर काढेल तोवर पोरीचं लग्न झालेलं असेल.

राग धरलास तरी चालेल, पण पोरीला सोडव.

नणंद असूनही तुझीच,
हंसा

बेव्हर्ली पार्क, मीरारोड,
१५ सप्टेंबर २००४

ती. सौ. हंसाताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुम्हाला वास आला, मला डिसेंबरचा कार्यक्रम दिसतो. जिचा पाय बाजूला उचलल्यावर कानाशी थांबेल, तीच मधोमध नाचणार आहे. गिरगावातल्या दीड खोलीत मी कधी पाय पसरून झोपले नाही. माझ्या मुलीने तरी पसरावेत.

अडचण अशी की मी धरून नेला की तिचा पाय सहज कानाला लागतो, आणि सोडला की कमरेपर्यंत खाली येतो. टीचर म्हणतात, अजून आखडलेला आहे, ढिला करा. म्हणून नवघरच्या पुष्पलताबाईंना बोलावलं. बाळंतिणीच्या घरी तान्ह्यांना मालिश करतात त्या. एवढं मोठं लेकरू कधी चोळलं न्हाय, पन तुम्ही सांगताय तर चोळते, असं म्हणाल्या. तान्हेपणी स्वप्नालीचा पाय आपण कपाळाला लावायचो, तेच आता रोज करतो. त्या तेल चोळतात, मी ओढते. पोरगी शहाणी आहे, हूं की चूं करत नाही.

कार्यक्रमाला याच. तिला बघाल तेव्हा माझ्यावरचा राग जाईल.

तुमच्या लोभाची वाट बघणारी,
ममता

मीरारोड,
५ डिसेंबर २००४

ती. हंसाआत्यास,
शि. सा. नमस्कार.

आई लिहायला बसते आणि उठते, म्हणून मी लिहितेय. दसऱ्याच्या आधी ती माझा पाय वर नेत होती तेव्हा जांघेत कट्कन वाजलं. मी हसले. आईला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना.

भाईंदरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पाय आखडलेला नव्हताच, ओढून ओढून सांधा दुखावलाय. पाय वर धरून ठेवायला मांडीत आणि पोटात ताकद लागते, ती ओढून येत नाही. आईने विचारलं, मग तेल कोणतं लावू? त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

आता भिंतीला टेकून बसायचं, गुडघा सरळ ठेवायचा आणि हात न लावता पाय बोटभर उचलून धरायचा. कानाला लागणारा माझा पाय बोटभर उचलताना थरथरतो, आत्या. त्या क्लासचा मला वीट आलाय आणि तेलाच्या वासाने अजून ओकारी येते. कार्यक्रमात मी नाही. तिथे परत जाणार नाही, पण नाच सोडणार नाही, असं बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि बरं म्हणाले.

काल पाय थरथरला तेव्हा आईने सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, हात लावू नकोस, दुखतंय. असं मी तिला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हसत नव्हते.

आईवर फार रागावू नकोस. माझ्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझी,
स्वप्नाली