तंबोऱ्याच्या पोटातलं

मस्तगड, जालना
९ नोव्हेंबर १९९४

प्रिय बेबी,

मोठ्या भावाने आशीर्वाद लिहायचा असतो, पण आज हात धजत नाही. शहागडला सगळे खुशाल असतील. इथे तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर ठीक. आण्णांच्या माघारी त्यांचं वाद्यांचं दुकान चालवतोय. तारांखालची सांबरशिंगाची घोडी आता मिळत नाही, हाडाची घासतो. तू चौदाव्या वर्षी घोडी घासून तारांना गुंजती जवारी काढायचीस तशी मला अजून जमत नाही.

परवा भालचंद्र वकिलांची सून तंबोरा घेऊन आली. हो, तोच. भोपळ्याची भेग पुन्हा उघडली होती. वाफ देऊन वरची लाकडी तबली सोडवली. आत आण्णांनी सरसाने चिकटवलेल्या कापडाच्या पट्ट्या, आणि शेजारी त्यांचं पेन्सिलीचं अक्षर. तुला आठवत असेल, प्रत्येक दुरुस्तीची तारीख नि कारण ते आत लिहायचेच. म्हणायचे, “वाद्याच्या पोटात खोटं लिहायचं न्हाई.”

तिथे लिहिलंय: ‘२ एप्रिल ७१. भोपळा तडकला. माझ्या हातून. रखमाजी.’

चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग तुझ्या वहिनीला वाचायला लावलं, म्हटलं माझेच डोळे फिरले असतील. तिनेही तेच वाचलं.

त्या एप्रिलात वकील तंबोरा न्यायला आले तेव्हा लाखेखालची भेग त्यांना दिसली आणि आण्णांनी तुझं नाव घेतलं. तू म्हणालीस, “मी हातच लावला न्हाई.” त्या दिवसापासून तुला दुकान बंद झालं. वर्षाच्या आत लग्न. आण्णांच्या तेराव्याला आली नाहीस, तेव्हा चारचौघांत मी तुला दगडाच्या काळजाची म्हणालो.

एवढं लिहिलं, पण एक गोष्ट टाळतोय. आण्णांनी वकिलांसमोर मला विचारलं होतं, “बद्री, तू तर तिथंच बसून होतास. पाह्यलं ना?” मी हो म्हणालो. पाहिलं काहीच नव्हतं. तुझ्याच हातून पडला असेल असं वाटलं, आणि तुझ्या जवारीवरून ते मला रोज बोलायचे, तेही मनात होतं. माझं हो ऐकून वकिलांनी पुढे काही विचारलं नाही.

नव्या पट्ट्या बसवल्या. आण्णांच्या अक्षराखाली मी लिहिलं: ‘बेबीनंदाने हात लावला नव्हता. मी खोटी साक्ष दिली. बद्रीनाथ.’ वकिलांच्या सुनेला ते वाचायला दिलं. वाचून ती एवढंच म्हणाली, घाई नाही.

तबली अजून चिकटवलेली नाही. तू येऊन वाचशील तेव्हाच सरस तापवीन. घोडीही तुझ्यासाठी घासायची ठेवली आहे.

खाली दादा लिहीत नाही.

बद्रीनाथ