मागून हाक

अकोला, ४ नोव्हेंबर २०२५

ती. शकुनआत्यास,
प्रणालीचा सा. न. वि. वि. फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, म्हणून कागदच घेतला. मी केलेली ॲनिमेशनची फिल्म पियुषदादाकडे पाठवली आहे. तो टीव्हीला लावून देईल. त्यातली पोर म्हणजे आणीबाणीतली बारा वर्षांची तू. पोलीस आजोबांना नेतात तेव्हा ती दारातून 'बाबा' म्हणून ओरडते. तो आवाज तुझाच हवा आहे. आणि तू हो म्हटल्याशिवाय मी ही फिल्म कुणालाही दाखवणार नाही.
लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझी प्रणाली

अमरावती, ११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.
फिल्म लावून पियुष बाहेर गेला, तेच बरं झालं. वेण्या तू फार नीट घातल्यास गं, आईचा हात घाईचा होता. आधी हसले, मग रडले. पण ते ओरडणं काढून टाक. मी ओरडलेच नव्हते.

चांदूर बाजारच्या घरून भरदुपारी नेलं त्यांना. मास्तर माणूस, सभेत बोलले एवढाच गुन्हा. तुझा बाप तेव्हा रांगत होता. बाबा अनवाणीच निघाले. मी त्यांच्या चपला उचलल्या, तोंड उघडलं, आणि आई नेहमी म्हणायची ते आठवलं, की जाणाऱ्याले मागून हाक मारू नये, अपशकुन होते. मला तर ते परत हवे होते. ओठ दाबून उभी राहिले. कोपऱ्यापर्यंत ते फार हळू चालले. हाकेची वाट पाहत होते, असं मला आजही वाटतं. पुढे तुरुंगातून ते गेल्याचीच खबर आली.

तेव्हापासून मी कुणालाच मागून हाक मारली नाही. तिन्हीसांजेला दारात उभी राहिले की ती हाक अजून घशाशी येते, आणि कोपऱ्यावर कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटतं.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

अकोला, १७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.
तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी शाळेचा डबा विसरलो की ताई चौकापर्यंत मुकाट पळत यायची, तो मले तिचा येडेपणा वाटे.

दृश्य बदललं आहे. शकुन चपला हातात घेऊन मुकी उभी आहे. आजोबा पाठमोरे चालत जातात. त्यांचा एकही फोटो नाही, त्यामुळे चेहरा काढायला हात धजत नाही. आता दाखवू का?
रागावली नसशील तर दोन ओळी लिही.
तुझी प्रणाली

अमरावती, २४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.
काल पियुष परतवाड्याला निघाला आणि मोबाइल ओट्यावरच विसरला. सवयीनं मुकाट पळाले, पण गुडघ्यानं दगा दिला. त्यानं गाडी सुरू केली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, पियुष, थांब म्हणून. तो थांबला, वळला, मोबाइल घेऊन गेला. दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी आला तो सरळ म्हणाला, आई, भूक लागली. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं. पन्नास वर्षं गं, पोरी.

फिल्म खुशाल दाखव. मुकी शकुन तशीच राहू दे, ते खरं आहे. पण आजोबा कोपऱ्याशी पोचले की एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येऊ दे. मोबाइलमध्ये भरून पाठवला आहे. मी हाक मारली आहे. त्यांचा चेहरा काढू नकोस, त्यांना वळवूही नकोस. नुसते त्यांचे पाय थांबव.
तुझ्या लोभावरच आहे,
शकुनआत्या