ब्याऐंशी अंश आणि एक स्टूल

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
माणसाने आजवर पुष्कळ अन्याय सोसले असतील, पण चोवीस वर्षं एकाच बुडाला सरावलेली खुर्ची मालकाला न विचारता भंगारात टाकण्याचा प्रकार इतिहासात बहुधा आज पहिल्यांदाच घडला. तिच्या जागी पाच चाकांची निळी खुर्ची. टेकलो की मागे पळते. पॅनेलवरचं बटण फिरवायला हात पुढे केला, तर मी कपाटाशी. किळस आली.

कारण कळलं. कॉम्प्युटर येतोय. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी खळ शिजवतो. दोन टाक्या, एकच पाळी. खळ शिजते ब्याऐंशी अंशांवर. पंच्याहत्तरला गुठळ्या, नव्वदला उतू जाते आणि असा वास सुटतो की जेवण दोन दिवस नको होतं. पहिल्या टाकीचं ब्याऐंशी मी राखतो. वर कंट्रोल रूममध्ये बसून, एका काळ्या बटणावर. आता म्हणे तेच मशीन करणार.

तात्पुरता उपाय: मामाचं लाकडी स्टूल वर आणवलं. मामा म्हणजे टाकीखाली वाफेच्या व्हॉल्वपाशी बसून असणारा म्हातारा. त्याला काम काय? बसणं. जरा उभा राहील तर पाय मोकळे होतील. म्हटलं, दोन दिवसांसाठी नेतो. म्हणाला, "तुमचे दोन दिवस ना, साहेब? न्या." आणि हसला. हसण्यासारखं काय होतं?

४ मार्च, मंगळवार
प्रोग्रामरबाई आल्या. वय माझ्या नोकरीएवढं. मॅनेजरसाहेबांसमोर फळ्यावर गोल काढला. सेन्सर टाकीतलं तापमान बघणार, कॉम्प्युटर काय करायचं ते ठरवणार, व्हॉल्व वाफ कमी-जास्त करणार, आणि सेन्सर पुन्हा बघणार. याला म्हणे लूप म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला माणूस म्हणतात. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालेल की काका. फक्त त्या माणसाचा हात व्हॉल्वपर्यंत पोचतोय ना, तेवढं बघायला हवं."

काका!

मग जुन्या नोंदी मागितल्या. अभिमानाने गठ्ठे काढून दिले. दर तासाला ब्याऐंशी, खाली माझी सही. बाई बराच वेळ पानं उलटत होत्या. "एकदाही एक्क्याऐंशी नाही?" म्हटलं, हात बसलेला आहे.
(तक्ता मी सकाळी आल्याआल्याच दिवसभराचा भरून टाकतो. निकाल माहीत असताना तासातासाला कशाला उठायचं?)

६ मार्च, गुरुवार
दुसऱ्या टाकीला नवा व्हॉल्व आणि सेन्सर बसले. स्क्रीनवर टाकीचं चित्र, लहान मुलांच्या रंगवहीसारखं. माउसला कोणाच्या तरी हाताची खळ लागलेली. शी! तापमान जरा हललं की मशीन कोकलतं. मी चोवीस वर्षांत कधी कोकललो नाही.
संकल्प: रोज अर्धा तास कॉम्प्युटर शिकायचा. शत्रूची विद्या यायला हवी.

७ मार्च, शुक्रवार
चष्मा घरी राहिला. उद्यापासून.

१० मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, सिस्टिम बरी चालली तर पॅनेल काढून टाकू. तुमची सोय स्टोअरमध्ये करतो. म्हणजे रिकामी पिंपं मोजायची! मी टेबलावर हात आपटला (फाइलवर पडला, आवाज झाला नाही) आणि आव्हान दिलं. शुक्रवारी मुकाबला. पहिली टाकी माझ्या हातावर, दुसरी कॉम्प्युटरवर. नऊ ते एक. ब्याऐंशी जो राखेल त्याची कंट्रोल रूम. साहेब म्हणाले, "बघा बुवा, नंतर कुरकुर नको." कुरकुर माझ्या स्वभावातच नाही.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, एवढा हात बसलाय तर मोरीतला नळ तेवढा बघा. दोन महिने गळतोय." या बाईला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही.

१२ मार्च, बुधवार
मामा स्टूल मागायला आला. दुसऱ्यांदा. उभं राहून गुडघा सुजलाय म्हणे. पँट वर करून दाखवला. नको ते बघावं लागतं. स्टूल तर परवापर्यंत मलाच लागणार. पण मी काही निर्दय नाही. म्हटलं, शुक्रवारी सुट्टी घे. नऊ वर्षांत याने एक रजा घेतलेली नाही, तापातसुद्धा येतो. घरी कोणी विचारत नसेल.

तर उलट घाबरला. "शुक्रवारी? साहेब, शुक्रवारी तर मी पाहिजे ना?"
म्हटलं, मुद्दाम नकोस. उगाच कोणी म्हणायला नको की याला खालून मदत होती.
"मग खालचं कोण बघणार?"
म्हटलं, वरून बघणारा मी आहे.
"उद्या जाताना वाफेचं चाक कसं ठेवू?"
म्हटलं, असेल तसं राहू दे.
मग म्हणाला, "साहेब, तुम्ही मेकॅनिकला सांगितलं होतंत ना?" कसला मेकॅनिक, कशाचं काय! म्हातारपण. मान डोलावली आणि वाटेला लावला.

१४ मार्च, शुक्रवार
८.५५ इस्त्रीचा शर्ट. तक्ता भरला. एकपर्यंत ब्याऐंशी.
९.३० दोन्ही टाक्या तापताहेत. साहेब हजर. बाई स्क्रीनसमोर हाताची घडी घालून. यांना कामच नाही.
१०.०५ माझा काटा ब्याऐंशीवर. साहेबांकडे पाहिलं.
१०.०८ पंच्याऐंशी. बटण किंचित मागे घेतलं.
१०.११ सत्त्याऐंशी. आणखी मागे.
१०.१४ एकोणनव्वद. बटण पूर्ण बंद. तरी फिरवलं. हातात आलं.
१०.१६ वास.

दुपारी ३
उतू गेली. पांढरी, गरम, बुळबुळीत खळ टाकीवरून जिन्यावर आणि जिन्यावरून फरशीवर. साहेब बघायला खाली गेले. परत आले ते एकाच बुटात. बाईंनी धावत जाऊन खालचं चाक हाताने बंद केलं. दुसरी टाकी शांत. ब्याऐंशी. मध्ये एकदा एक्क्याऐंशी.

मी म्हटलं, घातपात आहे. चौकशी झाली पाहिजे. बाई म्हणाल्या, "करूया की." आणि पॅनेलचं मागचं झाकण उघडलं. बटणापासून व्हॉल्वकडे हवा नेणारी तांब्याची नळी सुटलेली. तिच्या तोंडात कागदाचा बोळा, वर सुतळी. बाईंनी उलगडला. नऊ वर्षांपूर्वीचा तक्ता. ब्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी. सही माझी.

साहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१५ मार्च, शनिवार. घरी
नऊ वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. नोंद सापडली.
"नळी फुसफुसते. दुपारी जेवणानंतर चिंतनात व्यत्यय. बोळा मारला. मामाला म्हटलं, दोन दिवस खालून हातानेच सांभाळ, मेकॅनिकला सांगतो."
पुढच्या दिवशी: "मेकॅनिकला उद्या नक्की."
त्याच्या पुढच्या दिवशी पानभर मजकूर नव्या चपलांच्या तक्रारीवर.

बायकोने विचारलं, काय वाचताय? म्हटलं, काही नाही. नळ दुरुस्त करायला बसलो. वॉशर उलटा बसला. शर्ट भिजला.

१७ मार्च, सोमवार
स्टोअरची ऑर्डर हातात. पहिल्या टाकीचा नवा व्हॉल्व यायला आठ दिवस आहेत. तोवर चाक हातानेच.

बाईंनी मामाला वर बोलावून निळ्या खुर्चीत बसवलं. मामाची खुर्ची मागे पळाली नाही. विचारलं, खाली तुम्ही नेमकं काय करता? म्हणाला, "टाकीवरचं तापमानाचं घड्याळ बघायचं. ऐंशी झाले की चाक अर्धा फेरा मागे. मग थांबायचं, हात लावायचा नाही. घाई केली की बिघडतं." बाईंनी ते सगळं वहीत उतरवलं, मग आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले. मशीनचं कोकलणं दहा दिवस त्यांना थांबवता येत नव्हतं, ते थांबलं म्हणे.

नऊ वर्षं मी वर बटण फिरवत होतो. पंखा फिरवला असता तर निदान वारा आला असता.

मामाने साहेबांना एका शब्दाने सांगितलं नाही की बोळ्याचं त्याला माहीत होतं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. स्वतःचाच वास येतोय.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ७.४०
सगळ्यांच्या आधी आलो. स्टूलच्या दांडीवर वाळलेली माझ्या बुटांची खळ चाकूने खरवडली, फडक्याने पुसलं. जिना अजून चिकट आहे. स्वतः खाली नेलं, व्हॉल्वपाशी भिंतीला टेकून ठेवलं, होतं तिथेच.

मामा आला. स्टूल बघितलं. म्हणाला, "झाले का दोन दिवस, साहेब?"
कुठले दोन, ते मी विचारलं नाही. रजेचा अर्ज पुढे केला. आठ दिवस, भरपगारी; तोवर चाक मी बघतो म्हटलं. माझी सही आधीच होती, त्याचा अंगठा तेवढा बाकी होता. मामा म्हणाला, "अंगठा कशाला? मला लिहिता येतं." आणि सही केली. माझ्यापेक्षा चांगली.

मग म्हणाला, "बसा की स्टूलवर. मी काय घरी नेणारे का?"
म्हटलं, राहू दे.

१०.०० ७७
११.०० ८६
१२.०० ७९
उभ्याने.